खिडकीकडची सीट

मूनसामी : थांबा, मिस शेझी, जरा दमानं. दुसऱ्या रांगेत तुम्ही, आणि खिडकीकडच्या सीटवर तुमचा भाऊ. पण मघाशी तर म्हणालात, त्या मिनीबस टॅक्सीत तुमच्याबरोबरचं कुणी नव्हतं, तुम्ही एकट्याच होतात.

फिकिले : एकटीच होते.

मूनसामी : आणि भाडं दोघांचं दिलंत.

फिकिले : हो. माझं आणि भेकानीचं.

मूनसामी : मग आणा ना त्या भेकानीला! अहो, ट्रक कुठल्या बाजूनं आला ते सांगायला टॅक्सीतला एकही माणूस तयार होत नाहीये. सख्खा भाऊ शेजारी बसलेला होता आणि तुम्ही हे आत्ता सांगताय?

फिकिले : त्याला जाऊन पाच महिने झाले, वकीलसाहेब.

मूनसामी : ... मा-डुबे! ओ मा-डुबे! तो चहा राहू द्या. आधी इकडे या.

मा-डुबे : आले. ओरडू नका, माळ्यावरची कबुतरं उडतात. आणि या पोरीला आधी पाय नीट ठेवायला काहीतरी द्या. लिफ्ट बंद, दोन जिने कुबड्यांवर चढून आलीय ती. घे बाळा, हा खोका घे पायाखाली. जुन्या फायलीच आहेत, फाटल्या तरी कुणी रडणार नाही.

फिकिले : बरं वाटलं, मा.

मूनसामी : मा-डुबे, या म्हणतात, वारलेल्या भावाचं टॅक्सीभाडं दिलं.

मा-डुबे : मग? द्यायलाच हवं. बावीस वर्षं या पाइनटाउनात आम्हा झुलू लोकांच्या मोडलेल्या तंगड्यांवर पोट भरताय, आणि एवढं माहीत नाही? माणूस परगावी गेला, तर देह घरी येतो, जीव तिथेच उभा राहतो. त्याला आणायला घरचं कुणीतरी जायचं, बोरीची फांदी घेऊन. जागेवर टेकवायची, नावानं हाक मारायची, म्हणायचं चल. मग तो फांदीवर येतो. गाडीत बसला तर त्याला जागा नको का?

मूनसामी : म्हणजे भाडं फांदीचं.

मा-डुबे : फांदीचं नव्हे. माणसाचं.

फिकिले : ड्रायव्हरनं काही विचारलं नाही. फांदी बघून त्यानं आधी टोपी काढली, मग पैसे घेतले.

मूनसामी : बरं बरं. भाऊ वारला कुठे?

फिकिले : तिकडे लांब जर्मिस्टनला, गोदामात. मालाची उंच मांडणी अंगावर कोसळली. देह कंपनीनं पोचवला, आम्ही पुरलाही. पण आई म्हणायची, आपण नुसतं लाकूड पुरलं. पोरगं अजून तिकडेच उभं आहे, कामाचं पिवळं जाकीट घालून, सुट्टी कधी होते बघत. ती जेवायला बसेना. दार लावून घेईना. थोरली मी. म्हणून मी गेले.

मूनसामी : आणि परत येताना, शेवटच्या उतारावर, ट्रक.

फिकिले : अर्ध्या तासात घरी पोचलो असतो.

मूनसामी : हं. दु:ख आहे, मिस शेझी, नाही म्हणत नाही. पण हे सगळं माझ्या भरपाईच्या अर्जात नको. अर्जात काय पाहिजे, मी सांगतो. मांडीत सळई, ती आहे. बुटांच्या कारखान्यातलं काम गेलं, तेही आहे. पण खरा जोर कशात आहे माहितीये? हे बघा, पोलिसांच्या कागदात. 'महिला प्रवासी, डोळे उघडे, विचारलेल्या कशालाच उत्तर देत नाही.' याला म्हणतात डोक्याला मार! पायाबरोबर डोकंही आलं की भरपाई दुप्पट. इथे सही करा.

फिकिले : काय लिहिलंय?

मूनसामी : की तुमची शुद्ध हरपली होती.

फिकिले : हरपली नव्हती.

मूनसामी : अहो, तासभर लोक तुम्हाला नाव विचारत होते!

फिकिले : ऐकू येत होतं मला. एक जण म्हणाला, हिला बधिर केलंय धक्क्यानं. दुसरा म्हणाला, पाय कापावा लागेल बहुतेक. सगळं ऐकलं. बोलले नाही एवढंच.

मूनसामी : का?

मा-डुबे : बोलायचं नसतं, साहेब. जीव घेऊन निघालं की घरच्या उंबऱ्यापर्यंत जिवंत माणसाशी एक अक्षर नाही. बोलायचं ते फक्त त्याच्याशी. आता टॅक्सीत चढतोय रे, आता पूल आला, आता डाव्या हाताला वळलो. नाहीतर वाट चुकतो तो.

मूनसामी : पायावर टॅक्सी पडलेली असतानासुद्धा?

फिकिले : जर्मिस्टनपासून सांभाळत आणलं होतं. माझ्या पायासाठी त्याला सोडू?

मूनसामी : माझी आई गेली तेव्हा आमच्या रीतीनं सोळा दिवस दिवा विझू द्यायचा नव्हता. पाचव्या दिवशी मला झोप लागली. अजून कुणाला सांगितलेलं नाही. ... असो. मिस शेझी, खरं सांगा. तुम्ही माझ्याकडे कशासाठी आलात? भरपाई म्हटलं की लोक पुढे सरकून बसतात. तुम्ही मागे सरकताय.

फिकिले : ती टॅक्सी पोलिसांच्या आवारात पडून आहे, जप्त गाड्यांत. फांदी तिच्यातच राहिली. मी तीनदा गेले. गेटवर म्हणतात मालकाला आणा, नाहीतर वकिलाला. मालक फोन उचलत नाही. उद्या शुक्रवारी ती गाडी भंगाराच्या यंत्रात घालणार. दाबून चौकोन करतात म्हणे. साहेब, मला भरपाई नाही मिळाली तरी चालेल. मला ती गाडी उघडून द्या.

मा-डुबे : आणि घरी?

फिकिले : घरी गेलेच नाही, मा. आधी हॉस्पिटलात, आता चुलतबहिणीकडे आहे. पाच आठवडे. आई फोनवर एवढंच विचारते, तुम्ही दोघं निघालात का? रिकाम्या हातानं उंबरा ओलांडू कशी?

मूनसामी : बरं. हात आखडता घेत नाही मी. पण आवारात शिरायला मला तुमचा अर्ज लागतो, आणि अर्जाला कागद लागतात. ते पाकीट कसलं आहे तुमच्याकडे?

फिकिले : हॉस्पिटलनं दिलं, सुट्टी देताना. वकिलालाच द्या म्हणाले. मी फोडलं नाही.

मूनसामी : द्या. ... एक्स-रे. ... ऑपरेशन. ... हा ॲम्ब्युलन्सवाल्यांचा फॉर्म, जागेवर भरलेला. मिस शेझी, तुमची बॅग, ओळखपत्र?

फिकिले : ट्रकखाली गेलं सगळं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशननंतर नर्सनं विचारलं, फांदी जवळ नाही हे कळलं, तेव्हा पहिल्यांदा नाव सांगितलं मी.

मूनसामी : आदल्या दिवशी कुणालाच नाही?

फिकिले : कुणालाच नाही.

मूनसामी : ओळखीचं कुणी होतं टॅक्सीत?

फिकिले : एक म्हातारा, दोन शाळेतल्या मुली, बाकी सगळे जर्मिस्टनकडचेच. कुणी माझ्या ओळखीचं नव्हतं. का?

मूनसामी : या फॉर्मवर वेळ आहे दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. अपघातानंतर वीस मिनिटांनी. आणि नावाच्या रकान्यात लिहिलंय... मा-डुबे, माझा चष्मा पुसलेला आहे ना? तुम्ही वाचा.

मा-डुबे : 'फिफी शेझी.'

मूनसामी : फिफी कोण?

मा-डुबे : बाळा? अगं, पाणी घे.

फिकिले : मीच. पण फिकिले म्हणतात मला सगळे. आईसुद्धा. फिफी एकटा तोच म्हणायचा. चिडवायला.

मूनसामी : मा-डुबे, खालच्या ओळी वाचू नका.

मा-डुबे : वाचून झाल्या.

फिकिले : काय आहे त्यात?

मूनसामी : गर्दीत कुणीतरी काहीतरी ठोकून देतं. ॲम्ब्युलन्सवाले घाईत असतात. कागदावरचं सगळंच...

फिकिले : वकीलसाहेब. माझा कागद आहे तो.

मा-डुबे : वाचा साहेब. तिचा हक्क आहे.

मूनसामी : 'माहिती देणारा : रुग्णाचा भाऊ. वय तिशीच्या आत. पिवळं जाकीट. शेजारच्या सीटवर, खिडकीकडे. इजा नाही. ॲम्ब्युलन्समध्ये बसण्यास नकार.'

फिकिले : नकार का दिला? लिहिलंय का?

मूनसामी : लिहिलंय.

फिकिले : मग सांगा ना!

मूनसामी : 'म्हणतो, अजून मला उतरायला सांगितलेलं नाही.'

मा-डुबे : देवा रे.

फिकिले : नाही सांगितलं. मा, मी नाहीच सांगितलं त्याला! सगळ्या वाटेनं सांगत आले. भेकानी, आता गाडी बदलतोय. भेकानी, आता नदी आली. पत्रा कापून मला बाहेर ओढलं तेव्हा मी दात आवळून धरले. वाटलं, तोंड उघडलं तर यांच्याशी बोलून बसेन. माणसांशी बोलायचं नाही एवढंच डोक्यात राहिलं. त्याच्याशी बोलायचं होतं ते विसरले. उतर म्हणाले असते तर उतरला असता. लहानपणापासून माझं ऐकतो तो. बस म्हटलं की बसायचा.

मा-डुबे : रडून घे. रड. पण आत्ताच रडून घे, पुढे वेळ नाही मिळायचा.

फिकिले : उद्या ते गाडी दाबतील तेव्हा तो आत असेल, मा.

मूनसामी : मा-डुबे, आवाराचा नंबर लावून द्या. आणि मिस शेझी, ही शुद्ध हरपल्याची ओळ मी खोडतो. बघा, खोडली. त्याजागी लिहितो, 'बोलू शकत होते, बोलले नाही.' केस लंगडी होईल. होऊ द्या. आता करा सही.

फिकिले : इथे?

मूनसामी : इथे. ... हॅलो? वकील मूनसामी बोलतोय. पांढरी टॅक्सी, गेल्या महिन्यात सहा तारखेच्या अपघातातली, उद्या भंगारात जायची आहे. ... तीच, पुढून चेपलेली. माझ्या अशिलासाठी ती आज उघडून पाहायची... काय? ... कोण माणूस बसलाय गाडीत? ... अहो, आवारात कुणाला सोडायचं ते तुम्ही बघायचं, मला काय विचारता? ... कधीपासून? ... गाडी ओढून आणली त्या दिवसापासून. ... मग हाकललं नाहीत? ... हं. ... जवळ गेलं की नुसती सीट. ... हं. ... आणि गेटपाशी परत आलं की पुन्हा दिसतो. जाकीट कुठल्या रंगाचं? ... नाही, काही नाही. आहे, आहे मी फोनवर. ... नको नको, त्याला कुणी काही बोलू नका. आम्ही निघालोच.

मा-डुबे : काय म्हणाला तो?

मूनसामी : म्हणाला, बरं झालं फोन केलात. पहारेकरी दोन बदलले पाच आठवड्यांत. तिसरा हा. म्हणतो, तो काही त्रास देत नाही, फक्त कुणी गेटातून आत आलं की मान वळवून बघतो. गाडीची चावी कुठे आहे माझी?

मा-डुबे : तुमच्या हातात.

मूनसामी : तुम्हीही चला. मी एकटा जाणार नाही.

(त्याच दुपारी, साडेतीन वाजता, जप्त गाड्यांचं आवार. तिघं पांढऱ्या टॅक्सीजवळ उभे आहेत.)

मूनसामी : मला तर काही दिसत नाही. काचा, सीट, धूळ.

मा-डुबे : कुबडी सांभाळ, बाळा. दार मी धरते. साहेब, ते बघा. फांदी.

मूनसामी : कुठे?

मा-डुबे : खिडकीकडच्या सीटवर. उभी टेकून ठेवलीय. टॅक्सी चार कोलांट्या खाते, क्रेनवर चढते, उतरते, आणि फांदी जागची हललेली नाही. पानंसुद्धा हिरवी आहेत हो.

मूनसामी : पाच आठवडे झाले त्याला.

मा-डुबे : बोट लावू नका! तिला घेऊ दे. तिनंच घ्यायची असते.

फिकिले : भेकानी. मी आले. उशीर झाला रे. मला बाहेर काढलं आणि मी तुला तसंच सोडून गेले. भीतीनं विसरले, रागावू नकोस. बघ, एक काटा सरळ आणि एक मागे वळलेला, तुझीच फांदी आहे ही, मीच तोडली होती, बोट अजून दुखतंय. चल, भेकानी. उतर आता. ही गाडी संपली. पायरी उंच आहे, जपून. माझा पाय चालत नाही, हळूहळू जाऊ. आता आपण वकिलांच्या निळ्या गाडीत बसणार आहोत. मग मोठा रस्ता, मग शाळेचं वळण, मग घर. आई दार उघडं ठेवून बसलीय.

मा-डुबे : पुढे जाऊन दार उघडा, साहेब.

मूनसामी : उघडलं. मागची डावीकडची खिडकी घ्या. मधल्या फायली उचलल्यात. काच खाली केलीय, वारा लागेल. आणि या वेळी गाडी मी अगदी सावकाश चालवणार आहे.

मा-डुबे : साहेब, ती आता तुम्हाला उत्तर देणार नाही. घर येईपर्यंत नाही.

मूनसामी : माहीत आहे. मी तिला नव्हतो सांगत.