अर्धी घोषणा

नाय नाय, खुर्चीवर बसा सर, खाली कशाला — आणि जरा हळू बोला, मालक आत झोपलेत. उठवू? कशाला उठवू? जे काय विचारायचं ते मला विचारा. रविवारी सिडकोत हॉल घेतलाय, ‘मत बदलता येतं’ म्हणून शिबिर हाय, आणि आमच्या सांडूरावांना स्टेजवर बसवायचंय — असंच ना? बघा हो बघा, माणूस कसा सुधरला बघा! सिद्धार्थ गार्डनात वाघ दाखवतात तसं. रागावू नका. नाय, रागावलात तरी चालंल. तुमच्या आधी पेपरवाला येऊन गेला, त्याच्या आधी दुसऱ्या पार्टीचे लोक ह्यांना शाल घालून, फोटो काढून गेले. आता तुम्ही.

तुम्ही त्यांना ऐकलंय का कधी? नाय ना? माईक नसला तरी चालायचा हो. शेंद्र्यापासनं करमाडापर्यंत मोर्चा कुठंबी असो, घोषणा द्यायला सांडूच पाहिजे. पहिला अर्धा ते म्हणायचे आणि दुसरा अर्धा सगळी गर्दी फेकायची — घरातली भांडी वाजायची. कोणती घोषणा ते मी तोंडातनं काढत नाय, तुम्हाला ठाऊक असंल. आमची मंजुषा वकिली शिकते, तिनं काय कमी समजावलं? मोबाईल पुढं धरायची — पप्पा, हा फोटो इथला नाय, दुसऱ्याच देशातला हाय. तर म्हणायचे, फोटो नसंल इथला, पण गोष्ट खरी हाय. आता ह्याच्यावर काय करता, सांगा! तुमच्या पत्रकात लिहिलंय, शांतपणे पुरावा मांडा. मांडला की तिनं. जितका मांडला तितकं ते मुरत गेलं, लोणच्यासारखं. शेवटी पोरगी दिवाळीला यायची बंद झाली.

मग बदलले कसे? तेच सांगते. कंपनीत त्यांच्या पाळीला झीशान होता, एका डब्यात जेवायचे दोघं. व्हय, मोर्च्यातबी जायचे आणि झीशानच्या डब्यातबी हात घालायचे, त्यांना त्यात काय वावगं वाटायचं नाय. झीशानची आई बिल्किसआपा, बाजाराच्या मागं शिलाईचं दुकान — हा ब्लाउज तिचाच. तर एक मेसेज फिरला. खोटा निघाला नंतर, पण तोवर मोर्चा निघालेला, आणि माईक ह्यांच्या हातात. गल्लीतली सगळी शटरं धडाधड खाली आली, आपाचं तेवढं अर्धं उघडं. का? तिनंच सांगितलं मला दवाखान्यात, डोळ्याला पट्टी होती — “शटर गिरानेकोच उठी थी मैं, सारजा. फिर सांडू का आवाज सुनी. बोली, अपना सांडू है ना, अब कुछ नई होता.” दगड कुणी मारला माहीत नाय. ह्यांनी नाय मारला. ह्यांनी नुसता आवाज दिला. डावा डोळा गेला तिचा.

त्या दिवसापास्नं माईक सुटला. हे तुमचं मतपरिवर्तन. आता शिबिरात कसं शिकवणार ते? येईल त्याच्यासाठी एकेक डोळा आणणार कुठनं?

आणि बदलून मिळालं काय, तेबी लिहा. जुने दोस्त हे बसले की बाकावरनं उठतात. शालवाले परत एकदाच आले — कशाला? तर सांडूराव, आता आमच्या घोषणा द्या! झीशाननं पाळी बदलून घेतली. येते ती फक्त बिल्किसआपा. आणि ह्यांचं बोलणंच गेलं हो. मीठ पाहिजे असलं तर बोट दाखवतात. पण दुपारी डोळा लागला की — कसं सांगू — झोपेत देतात. तोच पहिला अर्धा, तोच खडा आवाज. आणि मग थांबतात. वाट बघतात. श्वास धरून, गळ्याच्या शिरा ह्या एवढ्या टरारून. कुणी जाब देत नाय, मग परत. परत. डॉक्टर म्हणाले, बीपी लई हाय, जपा. एक दिवस मला बघवलं नाय. मी दुसरा अर्धा म्हटला. हळूच. तर श्वास सोडला, कुशीवर वळले, आणि लेकरासारखे झोपले.

मी कधी मानलं नाय सर त्यातलं काही. मोर्चा दारावरनं गेला तर मी चुलीकडं तोंड करून बसायची. म्हटलं, औषध हाय, द्यायचं. पण हळू म्हटलेलं त्यांना पोचंना. मग मी मोठ्यानं म्हणायला लागले. मग रोजच. मग एक दिवस बघते तर माझा हात वर — हा असा, मूठ वळलेली — मी नाय केला, आपला आपणच गेला. आणि मागच्या आठवड्यात आपा आली. “सारजा,” म्हणून हाक मारली. मी दाराच्या आतच उभी होते. कडीवर हात होता माझा. फटीतनं तिला बघत होते, उन्हात उभी, एका डोळ्यानं दाराकडं बघत — आणि कडी काढंना मी. का काढली नाय? मनात आलं, ही बाई आपल्या — नाय. ते लिहू नका. खोडा आधी. काढली मी कडी नंतर. पाणी दिलं तिला. खोडा म्हणते ना!

श्श. ऐकलं? लागले बघा. भिऊ नका, झोपेतच हायेत. आता थांबलेत, वाट बघतात. नाय, तुमच्यासमोर नाय म्हणणार मी, मला लाज वाटती. थांबतील आपोआप. परत दिला. बघा, किती जोर —

सर.

तुमचे ओठ हलले.

हलले कसं नाय, समोर बसलेय मी. आवाज नाय निघाला, पण हलले.

उठा. त्या चपला घाला आणि जावा. माझं काम पडलंय आत.