बंद केलेली अट

कोडच्या लायब्ररीतली एक ओळ बदलायची तरी मी दहादा विचारतो, म्हणून तुम्ही मला हसता. त्यामागे सुर्ल्याच्या खाणीवरचे एक ट्रक ड्रायव्हर आहेत.

मी आणि डिचोलीचा सुदेश मिळून एका प्रोग्रामिंग भाषेची कॉन्ट्रॅक्ट लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांना वापरता येणारा तयार कोड, सांभाळायचो. काम सुरू होण्याआधी ठरलेल्या अटी पाळल्या आहेत का, हे ती तपासते. नसतील तर प्रोग्राम तिथेच थांबवते. वेग वाढावा म्हणून मी ती तपासणी मुळातच बंद ठेवली आणि सुदेशला न विचारता बदल सगळे जिथून कोड घेतात त्या रिपॉझिटरीत टाकला.

सुदेशच्या ऑफिसात खनिजाच्या ट्रकांच्या फेऱ्या लावणारा प्रोग्राम याच लायब्ररीवर चालायचा. सलग दोन पाळ्या केलेल्या ड्रायव्हरला तिसरी द्यायची नाही, अशी त्यात अट होती. नवी आवृत्ती बसवली आणि ती अट तपासलीच जाईना. चार दिवसांनी सावंतवाडीच्या बाबलकाकांना तिसरी पाळी लागली आणि त्यांचा ट्रक शेतात उलटला.

मी भेटायला गेलो तेव्हा त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता.

"चूक माझीच रे," ते म्हणाले. "माका झोप लागली."

"नाही काका. तुम्हाला थांबवणारी अट मी बंद केली होती."



"आता परत घातलंस मां ती?"

"घातली, काका."

"नीट बघ हां. माझ्या जागेर आता माझो मुलगो गाडी चालवता."