आमचे म्हातारे पडले

(झुलुलँडमधलं अभयारण्य. भूल दिलेला गेंडा गवतात आडवा. उजेड-आवाजानं बिथरू नये म्हणून डोळ्यांवर टॉवेल, कानांत मोजे. शेजारी रक्षक थोबेकिले आणि जनावरांचे डॉक्टर खुलेकानी.)

थोबेकिले : डॉक्टर, हसू नका. करवत धरा.

खुलेकानी : धरलीय. वायरलेसवर काय बोललीस ते आधी पुन्हा म्हण.

थोबेकिले : 'आमचे म्हातारे पडले. हालत नाहीत. लवकर या.'

खुलेकानी : अगं, गेंडा पडला म्हणायचं!

थोबेकिले : आज तीन गेंडे पाडायचे होते. कुठला पडला ते कसं सांगणार? तुम्ही लोकांनी याला नेमकं माझ्या सासऱ्यांचं नाव ठेवलंत. सासऱ्यांचं नाव सून कधी घेते का?

खुलेकानी : स्वभाव तोच, ढेरी तीच. दुसरं नाव सुचणार कसं? श्वास बघ.

थोबेकिले : चालू आहे. कोणाची तरी गाडी येतेय. अगं बाई, बाबाच! (तिचे सासरे झेंझेले बियेला गाडीतून उतरतात.)

झेंझेले : कोण मेलंय इथं?

खुलेकानी : कोणी नाही, बियेलाबाबा. या.

झेंझेले : मग माझ्या अंगणात बायका का रडतायत? फाटकावरच्या त्या भवानीनं वायरलेस ऐकला आणि गावभर केलं. माझी बहीण मयताला बसायची चटई घेऊन गळा काढत आली. मी समोर आंबट दुधात मक्याचा भरडा कालवून खातोय, आणि ती मला बघून किंचाळतेय! शेजाऱ्यानं तर माझ्या मयताला कुठला बैल कापायचा तेही ठरवलंय. तोही माझाच!

थोबेकिले : चुकलं बाबा. पण नाव कसं घेणार?

झेंझेले : ते राहू दे. ही करवत कशाला? याचं शिंग कापताय? माझ्या नावाच्या नराचं? उद्या गाव म्हणेल, झेंझेलेचं कापलं!

खुलेकानी : गाव तसंही कुठे गप्प बसतंय?

झेंझेले : तोंड आवर. मी इथं रक्षक होतो तेव्हा याला बाटलीनं दूध पाजून वाढवलाय. हात लावू नका.

थोबेकिले : त्याचीच भीती आहे, बाबा. माणूस दिसला की हा पळत नाही, जवळ येतो. परवा शिकाऱ्यांनी कुंपण तोडलंय. ओढ्याकाठच्या मादीचं तोंड मी पाहिलंय. शिंगासाठी कुऱ्हाडीनं कापलं होतं, जीव असताना. याचं तसं झालेलं मला बघवणार नाही.

झेंझेले : ...दुखतं का रे, डॉक्टर?

खुलेकानी : नखं कापताना दुखतं का? मुळाला धक्का लावत नाही. पुन्हा वाढतं. आणि शिंगाच्या उरलेल्या बुंध्यासाठी शिकारी सहसा जीव धोक्यात घालत नाही.

झेंझेले : सहसा म्हणे.

थोबेकिले : बाबा, श्वास मंदावतोय. काय ते आत्ता सांगा.

झेंझेले : काप. पण कडा नीट घास. ओबडधोबड ठेवलंस तर माझी बदनामी.

खुलेकानी : घासतो... झालं. उताऱ्याची सुई दिली. टॉवेल काढ, मोजे काढ.

थोबेकिले : काढले. उठत नाहीये. डॉक्टर, छाती हलत नाहीये!

झेंझेले : सरका. ए झेंझेले! ऊठ, आळशा! दूध आणलंय. मेलास तर मीही मेलो, घरी बायका तयारच बसल्यात. ऊठ रे बाळा. ऊठ ना!

खुलेकानी : कान हलला! गाडीत बसा, बियेलाबाबा! पळा!

झेंझेले : पळतोय! बघितलंस? उठल्या उठल्या झुडपावर मुतला. शिंग गेलं, पण बाकी सगळं शाबूत आहे.

खुलेकानी : थोबेकिले, फाटकावरून विचारतायत. म्हाताऱ्यांचं काय झालं?

थोबेकिले : आता काय सांगू?

झेंझेले : नाव घेऊन सांग. पुन्हा रडारड नको.

थोबेकिले : मी? बाबा, जीभ वळत नाही.

झेंझेले : घे गं, सूनबाई. आजच्या दिवस मी सांगतोय.

थोबेकिले : फाटक, ऐकताय? झेंझेले... झेंझेले उठले. जिवंत आहेत.