धाकटी घरात आली

—नाही, हे ऑफिसला गेलेत, संध्याकाळशिवाय यायचे नाहीत, पण म्हणून तुम्ही काय दारातूनच परत जाणार? या, आत या. चपला राहू देत हो, फरशी काही सोन्याची नाही. तुम्ही शेजारच्या, ओळखलं मी—परवा दिवसभर भिंतीत ड्रिल चाललं होतं ना, तेव्हाच म्हटलं, आली यांची इंटरनेटची लाइन. माझं स्वयंपाकघर आणि तुमची आतली खोली, मध्ये एकच भिंत. तुमच्याकडे चमचा पडला तरी मला ऐकू येतो. काय म्हणालात—वॉचमनने सांगितलं? बाजूच्या साहेबांना राउटरमधलं सगळं कळतं म्हणून? खरं सांगितलं त्याने. अगदी खरं. बसा. त्या खुर्चीवरचा डबा उचलून खाली ठेवा—डबा म्हणजे कॉम्प्युटरच आहे तो, झाकण काढलेला. आमच्याकडे असंच, पाहुण्यांच्या आधी कॉम्प्युटरला जागा.

यांना टाकवत नाही काही. ऑफिसात नवी मशीनं आली की जुनी जिन्याखाली रचतात, हे तिथून उचलून आणतात. रिक्षातून, मांडीवर घेऊन—लहान मूल आणावं तसं. घरी आणलं की आधी धूळ काढायची, माझ्या हेअरड्रायरने, म्हणजे माझा होता तो, आता त्यांचाच झालाय. मग आतलं सगळं पुसून त्यात लिनक्स घालायचं. लिनक्स म्हणजे—कसं सांगू, मशीन चालवायला आत जे लागतं ना, ते, पण फुकटातलं, आणि त्यातही हलकं निवडायचं. त्या हलकं शब्दात यांचा जीव. जे लागत नाही ते काढून टाकायचं, म्हणतात, मग म्हातारं मशीनसुद्धा पळायला लागतं. आणि पळतं हो, खोटं कशाला बोलू. तो टीव्हीखाली आहे ना, तो थोरला—नावं ठेवलीत त्यांनी, पट्टी चिकटवून—थोरला गाणी सांभाळतो, कपाटात मधला आहे, तो फोटो सांभाळतो. आणि दारावर खिळ्याला टांगलाय, एक कान चिकटपट्टीने बांधलेला, तो राउटर. कंपनीनेच दिलेला, पण आतलं कंपनीचं सगळं काढून त्यातही लिनक्सच. एवढ्याशा डबीत. तुमच्याही राउटरचं हेच करून देतील, हसत हसत, एक पैसा न घेता. चहा घेणार ना? ठेवलाच आहे मी, नाही म्हणू नका.

आणि काय एकेक करून ठेवलंय त्यात. गंमत सांगते. माझा भाऊ आला होता एकदा, न कळवता, असाच दुपारचा. तुम्ही बसलात ना, तिथेच बसला, म्हणाला ताई पासवर्ड दे, मी दिला, आणि त्याने तो घालून फोन खाली ठेवेपर्यंत यांचा मला फोन—काय गं, भाऊ आलाय का? मी उडालेच. तर म्हणे राउटर त्यांच्या फोनला निरोप पाठवतो. अनोळखी कोणी जोडलं गेलं की 'पाहुणा आला'. थोरला बंद पडला की 'थोरला झोपला'. असे निरोप स्वतः लिहून ठेवलेत, मराठीत. माझ्या फोनचं नाव काय ठेवलंय सांगू? 'गृहमंत्री'. हसा की, सगळे हसतात. मी खाली भाजी आणायला उतरले, फोन राउटरच्या टप्प्याबाहेर गेला, की तिकडे ऑफिसात यांना 'गृहमंत्री बाहेर'. परत आले की 'गृहमंत्री आत'. भाऊ त्या दिवशी चहा न घेताच उठला. मी म्हटलं अरे बस, तर म्हणाला नको ताई, दाजींना उगाच त्रास. त्यानंतर तो आला नाही. कामात असतो.

तुम्ही काय घड्याळ बघताय? गरम आहे, हळू घ्या. तुम्हाला सांगू, रागावत मात्र नाहीत हं कधी. आवाज चढवलेला मला आठवत नाही. मी लग्नाआधी प्रेसमध्ये होते, पुस्तकांची प्रुफं तपासायला. चांगलं होतं माझं काम, काका—म्हणजे प्रेसचे मालक, आम्ही सगळे काकाच म्हणायचो—काका म्हणायचे, हिच्या हाताखालून चूक सुटत नाही. मग लग्नानंतर यांनी म्हटलं, इतक्या लांब जायचं, दमतेस, काय गरज आहे. गरज नव्हतीच तशी. मैत्रिणी येत पूर्वी, तर यांना वाटे त्या डोकं खातात माझं. बहिणीशी रोज बोलायचे, तेही कमी झालं, काही भांडण नाही हो, असंच. आमचं घर फार हलकं आहे बघा. तर गेल्या वर्षी मी त्या प्रेसची साइट उघडून बघितली फोनवर, सहज, आणि काकांना दोन ओळी लिहिल्या, घरून करण्याजोगं काही असेल तर सांगा म्हणून. संध्याकाळी हे चहा पिताना म्हणतात, प्रेसवाल्यांनी साइट बरी केलीय, नाही? एवढंच. आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारी माझ्या फोनला इंटरनेट नाही. थोरल्याला आहे, मधल्याला आहे, मला नाही. विचारलं तर म्हणाले, अगं तूच म्हणत होतीस ना डोळे दुखतात, म्हणून दुपारचं बंद ठेवलंय. आणि म्हटलं होतं हो मी तसं. कधीतरी.

ए, मी तुला अगं-तुगं केलं तर चालेल ना? माझ्या धाकट्या बहिणीएवढी तू. जरा जवळ सरक. तुझ्या राउटरची तक्रार काय म्हणालीस—आतल्या खोलीत वायफाय नीट येत नाही? येतो गं, माझ्या ओट्यापाशी सुद्धा येतो, माझ्या फोनच्या यादीत तुझं नाव दिसतं, पुढे बारीकसं कुलूप. तो राउटर भिंतीवरून काढून जरा आतल्या खोलीच्या दाराजवळ ठेव, तुलाही पुरेल. पण यांना बोलवू नकोस. हो, मघाशी मीच म्हटलं करून देतील, जिभेला सवय झालीय माझ्या. देतील ना, छानच देतील, पण एकदा त्यात त्यांनी स्वतःचं घातलं की चावी त्यांच्याकडे राहील, तुझ्याकडे नाही. मग तू केव्हा आलीस, केव्हा गेलीस, कोण येऊन बसलं, सगळं यांच्या खिशात. वाईट माणूस नाहीत ते. तुझ्यासाठीही एखादं नाव शोधतील, तूसुद्धा हसशील. नाही म्हण त्यांना. नवऱ्याला विचारते म्हण, कंपनीचा माणूस येतोय म्हण, काहीही म्हण.

कारण मला तो लागतोय, तुझा वायफाय. झालं, बोलले एकदाचं. थांब, उठू नकोस, नीट सांगते. गेल्या आठवड्यात मी एकदाच प्रेसमध्ये जाऊन आले, फोन घरीच चार्जरला लावून, म्हणजे यांच्या हिशेबी गृहमंत्री घरातच. काका म्हणाले, पानं पाठवतो मी तुला, घरून तपासून पाठव, पण रोज पाठवायला पाहिजेस, एक दिवस आड चालायचं नाही. या महिन्यात काय ते कळव, म्हणाले, नाहीतर दुसरी बाई बघतो. म्हातारे झालेत ते, किती वाट बघतील? फोनवर तर काही करायची सोय नाही, सिमला नेटचा पॅकही हे टाकत नाहीत. पण माझ्याकडे धाकटी आहे. बघायचीय तुला? ये—नको, तू बस, मीच आणते. पिठाच्या डब्यामागे ठेवते, तिथे हे कधी हात घालत नाहीत.

ही बघ. थोरला, मधला आणि ही धाकटी. लॅपटॉप. हिची डिस्क गेली तेव्हा हे म्हणाले, धाकटी मेली, भंगारवाल्याला देऊन टाक. मी दिली म्हणून सांगितलं. तुला वाटेल मला कुठून आलं हे सगळं—यांनीच शिकवलं की. मशीन उघडून बसले की यांना ऐकायला कोणीतरी लागतं, मी हूं हूं करत चहा धरून उभी असायची, तुला काय कळणार म्हणत म्हणत सगळं सांगायचे. डिस्क नसली तरी नुसत्या पेनड्राइव्हवरून मशीन चालतं, हलकं लिनक्स असलं की, हे त्यांचंच वाक्य. स्क्रूच्या ड्रॉवरमध्ये त्यांचा एक जुना पेनड्राइव्ह पडला होता, घातला, आणि उठून बसली ही. रडले मी, सांगायला लाज वाटते. एकच जपावं लागतं. इथे पुढच्या कडेला ही कळ आहे, नखाएवढी—इकडे असली की वायफाय बंद, तिकडे सरकली की चालू. पेनड्राइव्ह यांचा, त्यात घरचा पासवर्ड आधीच भरलेला, कळ तिकडे गेली की धाकटी आपणहून आमच्या राउटरला जाऊन भेटणार. म्हणून मी त्या कळीला हातसुद्धा लावत नाही. घे, मांडीवर घे, अशी. हळू चालू होते, म्हातारी आहे. पण झाली की बघ कशी—हं, हे वाच. जुनं पुस्तक घेऊन रोज दुपारी दोन पानं टाइप करते, चुका शोधते, हात बसावा म्हणून. तुझा पासवर्ड दिलास तर आमचा पुसून तुझा घालीन, फक्त दुपारी वापरीन, सिनेमे नाही, काही नाही, नुसती पानं येतील आणि पानं जातील, तुला कळणारसुद्धा नाही. घाबरलीस का? अगं, मारत-बिरत नाहीत ते. मारलं असतं तर मी भावाला सांगितलं असतं. हे काय सांगणार मी त्याला, नवरा माझ्या डोळ्यांची काळजी घेतो म्हणून?

काय? कसला दिवा? निळा? निळा दिवा नसतो तिला. आण इकडे. आण. अगं ही कळ—डब्यामागून ओढताना सरकली वाटतं, मी बघितलीच नाही, मी तुलाच बघत होते—

बोलू नकोस. माझाच फोन आहे. वाजू दे जरा. नाही, उचलायलाच हवा.

हं, बोला. हो, घरीच. धाकटी? कोण धाकटी? काय सांगता, आपला राउटर म्हणतोय तसं? 'धाकटी घरात आली'? अहो, ते शेजारच्या बाईंमुळे असेल. हो, बसल्यात इथेच. त्यांनीच आणलाय एक लॅपटॉप, तुम्हाला दाखवायला, वॉचमनने सांगितलं म्हणे त्यांना. जुनाच दिसतोय. आपलाच? आता मला काय माहीत—भंगारवाल्याने पुढे विकला असेल, ते काय ठेवून घेतात होय? थांबा, विचारते. अहो बाई, तुम्ही हा कुठून घेतलात म्हणालात? जुन्या सामानाच्या दुकानातून. ऐकलंत ना, दुकानातून म्हणतात. चालू कसा झाला ते त्यांना विचारा, मला काय कळतंय त्यातलं. पासवर्ड मी दिला. हो. त्यांनी मागितला, मला नाही म्हणवलं नाही. चुकलं. हो, चुकलं म्हटलं ना. नाही देणार पुन्हा कोणाला. ठेवून घेऊ? इथे? संध्याकाळी तुम्ही बघता म्हणता—पण त्यांना आत्ता लागतोय, मुलांचं काहीतरी आहे त्यात. हो ना हो बाई? हो म्हणतात. आणि राउटर ठीक आहे त्यांचा, कंपनीचा माणूस येणार आहे. तसंच म्हणाल्या त्या, मी नाही सांगत मनचं. फोन चालूच ठेवू? बरं, ठेवत नाही, जाईपर्यंत चालू ठेवते. त्यांना दारापर्यंत सोडते हं.

घ्या बाई, तुमचा लॅपटॉप. दोन्ही हातांनी धरा, बिजागरी सैल दिसतेय. नाही, पुन्हा पासवर्ड मागू नका, आमच्यात कोणाला देत नाहीत.

ऐक, हाताने झाकलाय मी फोन, पटकन ऐक. पेनड्राइव्ह काढू नकोस, माझी पानं त्यातच आहेत. कळ आधी इकडे सरकव, इथे दारातच, हं, गेला दिवा. हो की नाही ते आत्ता नको सांगूस. हो असेल तर उद्या दुपारी भिंतीवर वाजव, मी ओट्यापाशीच असते. जा आता. आणि दार ओढून घे—जोरात ओढ, त्यांना ऐकू गेलं पाहिजे.

हं, बोला. गेल्या त्या. नाही हो, आता घरात कोणी नाही.