पेटीत पापलेट नाही

कीर्तनाला निघालो होतो. आगरदांड्याला दिघीच्या फेरीबोटीत एकाच गाडीची जागा उरली होती. पुढे सखुबाईंचा मासळीचा टेम्पो. मागून पेटी बांधलेली मोटारसायकल घुसली.

“मेल्या, रांग मोडतोस? पेटीत पापलेट हाय का?”

“रक्त आहे, मावशी. श्रीवर्धनला बाळंतिणीला चढवायचंय.”

“अगो बाय! मंग उन्हात गरम न्हाय व्हायचं? घे, माझा बर्फ घाल.”

“नको! बर्फ टेकला तर रक्त वाया जातं. आत बेताचा गारवा आहे.”

“तुझी कोण ती?”

“नावसुद्धा माहीत नाही. सेवा म्हणून नेतो.”

“आन तुझं नाव?”

“राहील.”

“ड्रायव्हर, टेम्पो मागं घे! राहीलला जाऊ दे.”

“मावशी, पुढची बोट तासाने. तुमची मासळी?”

“तिला माझा बर्फ चालतो.”