झाकल्या कमाईचे उस्ताद

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे मुख्याध्यापक हाज्ज मुतवल्ली साहेब, शिक्षण खात्यातून वेळात वेळ काढून आलेले लमई साहेब, आजचे सत्कारमूर्ती, गणिताचे उस्ताद रिफात, त्यांच्या सौभाग्यवती, मुलांसारखं धावत येऊन पुढच्या रांगा अडवणारे माझे सहकारी, आणि मागे बायकांच्या बाजूला बसलेली माझी पत्नी इनायात, जिच्या परवानगीनंच मी आज तोंड उघडतो आहे, सर्वांना माझा आदराचा सलाम.

मला पाच मिनिटं दिली आहेत. भूगोलाच्या शिक्षकाला कमी वेळ मिळतो, याची मला सवय आहे. या मन्सूरा गावात मुलाला गणिताची शिकवणी लावायची म्हणून आया बांगड्या मोडतात. भूगोलाच्या शिकवणीसाठी कुणी साधी अंगठीसुद्धा मोडलेली मी पाहिली नाही. ही कुरकुर नाही, प्रस्तावना आहे.

उस्ताद रिफात कसे शिक्षक आहेत? उत्तम. हे म्हणताना माझी जीभ जड होते, पण म्हणतो. ढ मुलाला ते असं शिकवतात की वर्षअखेरीस तो इंजिनिअरिंगला जातो आणि त्याचा बाप पुढच्या मुलाला घेऊन येतो. कुठे येतो? लमई साहेबांसमोर मी ते सांगणार नाही. सरकारी शिक्षकानं खाजगी शिकवण्या घेऊ नयेत असा नियम आहे, आणि नियमाचा आम्ही सगळेच आदर करतो.

शिक्षकांच्या खोलीत आमची टेबलं शेजारी-शेजारी. रोज सकाळी चहा यायचा, कुणीतरी विचारायचं, काय रिफात, कसं चाललंय? आणि हे गृहस्थ छातीच्या तळापासून सुस्कारा सोडून म्हणायचे, ‘मस्तूरा, अल्हम्दुलिल्लाह.’ म्हणजे देवानं पांघरूण घातलंय, उघडे पडलो नाही, एवढंच. अहो, पांघरूण घातलंय ते कळलं. ते गोधडीचं आहे की मखमलीचं, ते सांगाल की नाही?

तसं बघितलं तर आपल्याकडे कमाईचा विषय निघाला की चांगल्या धडधाकट माणसालाही खोकला येतो. माझा मेहुणा कुवेतला असतो. ‘काही उरत नाही हो,’ असं तो फोनवर सांगतो, आणि इकडे माझ्या खिडकीतून त्याच्या घराच्या तिसऱ्या मजल्यासाठी सिमेंट कालवणाऱ्या यंत्राची घरघर ऐकू येते. आमच्या गल्लीतला औषधवाला म्हणतो, पैसा काय, येतो तसा जातो. त्याचा येताना मी रोज पाहतो, जाताना अजून दिसलेला नाही. पण मला सगळ्यात झोंबतं ते वाक्य वेगळं. ‘पैशाचं सोडा, तब्येत सांभाळा.’ हे वाक्य मला आजवर फक्त अशाच माणसांनी ऐकवलंय ज्यांच्याकडे दोन्ही आहे.

रिफात यांनी गाडी घेतली तेव्हाची गोष्ट. पांढरीशुभ्र, लांबलचक. ती ते शाळेपासून दोन गल्ल्या अलीकडे, बेकरीच्या मागे लावायचे, आणि तिथून घाम पुसत चालत यायचे. आल्या-आल्या म्हणायचे, आज मायक्रोबसला काय गर्दी होती! मी भाकरी त्याच बेकरीतून घेतो. मी कधी काही बोललो नाही. जळणाऱ्या माणसाला धीर फार असतो.

आता हसू नका, पुढचं गंभीर आहे. आमच्या शाळेत रमजानच्या आधी शिक्षकांची समिती गरजूंसाठी शिध्याच्या पिशव्या भरते. तांदूळ, तेल, साखर, खजूर, मसूर. एका वर्षी समितीवर नवे उपमुख्याध्यापक आले. बिचारे बाहेरगावचे, सरळ मनाचे. त्यांनी रोज सकाळी तो सुस्कारा ऐकला, डोळ्यांत पाणी आणलं आणि गुपचूप रिफात यांचं नाव यादीत घातलं. पिशवी पोचवायचं काम कुणाकडे आलं? माझ्याकडे.

मी दारात उभा. आतून तुपात भाजलेल्या बदकाचा वास. आता पिशवी नको म्हणावं तर इतक्या वर्षांचा सुस्कारा खोटा ठरतो. रिफात यांनी पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दोन्ही हातांनी ती घेतली. ‘समितीचं भलं होवो,’ म्हणाले. नंतर ती त्यांनी इमारतीच्या रखवालदाराला दिली, हे मला रखवालदारानंच सांगितलं. पण नाव एकदा लागलं ते लागलं. दर रमजानला मी पिशवी नेतो, दर रमजानला ते घेतात. आणि दर वेळी घरी येऊन मी इनायातला मीठमसाला लावून ती हकिकत सांगतो. इतका आनंद मला पगारवाढीनंही झाला नव्हता.

हा आनंद मला महागात पडला. गेल्या हिवाळ्यात उस्ताद रिफात सहकुटुंब आमच्या घरी आले, बसबूसा मिठाईचा मोठा खोका घेऊन. त्यांचा मुलगा तामर आणि माझी मुलगी रबाब एकाच दवाखान्यात काम करतात, आणि त्यांचं एकमेकांशी जमलेलं होतं. मुलगा सालस आहे. मला नाव ठेवायला काही सापडलं नाही, आणि मी शोधलं नव्हतं असं नाही.

इनायातनं आत शरबताचे पेले भरून तयार ठेवले होते. होकार झाला की बाहेर आणायचे. रीतीप्रमाणे मी विचारलं, घरात येतं किती? रिफात यांनी माझ्या खांद्याकडे पाहिलं. त्यांच्या सौभाग्यवतींनी गळ्यातला निळा मणी मुठीत धरला. आणि ते म्हणाले, ‘मस्तूरा.’

शरबत बाहेर आलं नाही.

पाहुणे गेल्यावर मी इनायातला सांगितलं, अगं, तो माणूस गडगंज आहे, मला माहीत आहे. ती म्हणाली, ‘अहो रबाबचे बाबा, तुमचं काय घेऊन बसलात? तुम्हाला शेजाऱ्याचं सगळंच मोठं दिसतं. जो रमजानची पिशवी घेतो तो गरीब तरी असेल नाहीतर खोटा तरी. गरीब असेल तर माझी मुलगी तिथं मीठभाकरीवर राहील, मला चालेल. पण खोट्याच्या घरात मी मुलगी देणार नाही. काय आहे ते त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगावं.’

महिने गेले. रबाब घरात वावरायची, पण माझ्याशी बोलायची नाही. शेवटी एका दुपारी कपड्यांना इस्त्री करता-करता, मान वर न करता म्हणाली, ‘बाबा, ते आकडा सांगायला घाबरत नाहीत. तुमच्यासमोर सांगायला घाबरतात. सगळी शाळा म्हणते, तुमची नजर लागते.’

मला राग आला. मग मी जरा आठवून पाहिलं. संगीताच्या बाईंच्या नव्या पंख्याचं मी कौतुक केलं, तो तिसऱ्या दिवशी बंद पडला. औषधवाल्याच्या काचेच्या दाराला मी ‘वा’ म्हणालो, संध्याकाळी तडा. मग मला आणखी राग आला, पण तो कुणावर काढावा ते कळेना.

म्हणून मित्रहो, आज मी हाज्ज साहेबांकडे हट्टानं हे भाषण मागून घेतलं. उस्ताद रिफात, तुमची नोकरी आज संपली. आता नियम तुमचं काही करू शकत नाही. आणि लमई साहेब कानांत बोटं घालतील, घालायलाच हवीत, त्यांची दोन्ही मुलं तुमच्याकडेच शिकली. इनायात मागे बसली आहे. रबाब तिच्या शेजारी आहे, रडून डोळे सुजलेत तिचे. तुमचा तामर दाराजवळ उभा आहे. मी सगळ्या सभागृहासमोर विचारतो, येतं किती?

हाज्ज साहेब, त्यांना बसा म्हणू नका. उठलेत तर उठू द्या. हा माइक घ्या, रिफात. आणि खांद्याकडे नको. इकडे, माझ्या डोळ्यांत बघून सांगा.

काय म्हणालात?

मागच्यांना ऐकू आलं नसेल, मी पुन्हा सांगतो. महिन्याला ऐंशी हजार पौंड. परीक्षेच्या मोसमात दुप्पट.

एक घोट पाणी घेतो, माफ करा. मित्रहो, मी इतकी वर्षं पन्नास हजारांच्या अंदाजानं जळत होतो. वरच्या तीस हजारांवर जळायचं राहूनच गेलं होतं. ते आता इथं उभ्या-उभ्या उरकतोय.

पण एक सांगतो. हा आकडा बोलताना उस्ताद रिफात यांनी नजर हलवली नाही. माझ्या डोळ्यांसमोर कुणी स्वतःचा चहाचा पेला धरायला घाबरतं, तिथं या माणसानं मुलासाठी सगळं घर आणून धरलं. माझ्यात ते धाडस नाही. याचाही मला हेवाच वाटला.

ही ललकारी कुणाची? इनायात? अगं, भाषण संपलेलं नाही अजून! ठीक आहे. ज्यांना कळलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, आमच्या घरात तिनं जीभ लवलवून अशी आनंदाची ललकारी दिली की पुढे चर्चा नसते. बाकीच्या बायकांनीही साथ धरली आहे, तेव्हा मी थोडक्यात आटपतो.

उस्ताद रिफात, म्हणजे आता आपण व्याही झालो. तुम्हाला आयुष्य लाभो. मला मात्र एक अडचण आहे. तुमच्या घराकडे कसं बघायचं ते माझ्या डोळ्यांना एकाच तऱ्हेनं माहीत आहे. आता त्या घरात माझी रबाब नांदणार. तुमच्या गाडीत ती बसणार, तुमच्या छपराखाली ती झोपणार. माणूस चांगलं काही पाहिलं की नजर लागू नये म्हणून ‘माशाअल्लाह’ म्हणतो आणि सुटतो. मी आत्ता इथं उभा राहून मनातल्या मनात म्हणून पाहिलं. दातांत अडकतं. या वयात नवे डोळे कुठून आणू, ते मला खरंच कळत नाही.

अध्यक्ष महाशयांनी पाच मिनिटं इतकी लांबू दिली, सभागृहानं माझं पोटातलं सगळं ऐकून घेतलं, सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. बघण्यात जे झालं त्याची माफी माझी मी वर मागेन. तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी फक्त एवढी दुआ करा, की माझं हे बघणं माझ्या लेकीला लागू नये.