कुंदाताईंना हवा होता सव्वा टक्का

मंडळी, एक साधा प्रश्न विचारतो. उत्तर मनातल्या मनात द्या. शेजारच्याच्या पानात जिलबी जास्त पडली, म्हणून आपल्या पानातली कमी होते का? नाही ना! मग आपला घास घशात का अडकतो?

ऐका. मिरजेच्या एका कॉलनीत कुंदा मुळीक आणि विजू खाडे राहायच्या, भिंतीला भिंत लागून. देवानं दोघींना सगळं दिलं — आणि वर एकमेकींसमोर खिडक्या दिल्या! एका संक्रांतीला विजूनं हळदीकुंकवात तांब्याचे तांबे लुटले. झालं! कुंदाच्या पोटात दुखायला लागलं. पुढच्या वर्षी तिनं चाळीस बायकांना पोळ्या गरम ठेवायचे मोठे डबे वाटले. पैसे? क्रेडिट कार्ड होतं ना!

व्याज महिन्याला साडेतीन टक्के. कुंदा दर महिन्याला बिलावरची कमीत कमी रक्कम वेळेवर भरायची, आणि कर्ज होतं तिथंच. तिची मुलगी मानसी नर्सिंगला. महिनाअखेरीला फीचा हप्ता होता, आणि फीसाठी ठेवलेलेच पैसे कार्डाकडे चालले होते. नवऱ्याला पत्ता नाही!

अशात गच्चीवर पापड वाळत घालताना विजू सहज बोलून गेली, की तिनं कार्डाच्या कंपनीला फोन केला, व्याज कमी करून मागितलं, आणि त्यांनी दीड टक्क्यावर हप्ते बांधून दिले. अहो, केवढी कामाची बातमी! मागितलं तर व्याज कमी होतं! आनंद व्हायला हवा की नको? कुंदाच्या मनात काय आलं — हिला बरं मिळालं!

खाली येऊन तिनं तडक फोन लावला. पलीकडे एक शांत मुलगी होती. तिनं खातं पाहिलं. म्हणाली, दोन वर्षांत तुम्ही एकदाही तारीख चुकवली नाहीत, कार्डावर नवी खरेदी बंद करत असाल तर आत्ताच दीड टक्क्यावर हप्ते बांधून देते.

दीड, मंडळी! देवासारखी भेटलीस बाई, म्हणायचं की नाही? कुंदा म्हणाली,

“शेजारच्या खाडेबाईंना दीड दिलंत. मला सव्वा पाहिजे.”

मुलीनं परोपरीनं समजावलं. सवलत आजच्यापुरती आहे, तेही सांगितलं. कुंदानं फोन ठेवून दिला. वाढलेल्या ताटावरून बाई उठली — कशासाठी? शेजारणीपेक्षा पाव टक्का!

चार दिवसांनी पुन्हा फोन केला, तर सवलत संपलेली. फी आठवड्यावर आली. कुंदा जिन्यात बसून रडत होती, तिथं विजूनं तिला पाहिलं आणि शेजारी बसली. मग कुंदानं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, “जळले गं मी तुझ्यावर.”

विजूनं पदरानं तिचे डोळे पुसले आणि म्हणाली,

“दीड कशावर मिळालं, विचारलंस का? यांची नोकरी गेली. ते फोनवर सांगताना मला रडू फुटलं. आणि ते तांबे कार्डावरचेच होते, कुंदा. त्याच्या आदल्या वर्षी तू स्टीलचे डबे लुटलेस, ते मला बघवेनात.”

घ्या! दोघी जळत होत्या, आणि शेकत बसली होती कंपनी!

मग विजूनंच फोन लावून दिला. या खेपेला कुंदानं शेजारणीचं नाव काढलं नाही. मुलीची फी आहे आणि हे व्याज झेपत नाही, एवढंच खरं खरं सांगितलं. कंपनीनं दिले पावणेदोन. विजूपेक्षा पाव टक्का जास्त! आणि विजू शेजारी बसून ऐकत होती, बरं का. कुंदा म्हणाली, “चालेल.”

मानसीची फी वेळेवर भरली गेली. पुढच्या संक्रांतीला दोघींनी मिळून एकच हळदीकुंकू केलं. वाण काय? हळदीची एकेक पुडी.

हसताय? पुढच्या रांगेतल्या काकू मघापासून शेजारणीच्या साडीचा काठ बघताहेत, मला दिसतंय! पण त्यांना कशाला बोलू? आज मंदिरात आल्या आल्या तुमच्या विश्वस्तांनी मला विचारलं, बुवा, मानधन किती देऊ? मी काय विचारावं? “कालच्या बुवांना किती दिलंत?” त्यांनी आकडा सांगितला. मी नेहमी घेतो त्यापेक्षा कमी होता. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

म्हणून आधी मीच हात जोडतो. तुम्हीही जोडा. ज्याच्यावर जळता त्याचं नाव घ्या आणि त्याचं भलं मागा. माझं मी मागतो — देवा, कालच्या बुवांचं भलं कर.

आवाज जरा बारीक निघाला, नाही का? थांबा, पुन्हा म्हणतो.